एकांताची संहिता आणि दुसऱ्याचा प्रवेश

संगणकावरील खेळांची दखल मराठी समीक्षेने फारशी घेतलेली नाही, आणि त्याबद्दल तिला दोष देण्याचे कारणही नाही. जिचा आस्वाद घेण्यापूर्वी बोटांना सराव व्हावा लागतो अशी वस्तू साहित्याच्या अभ्यासकाला परकी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या खेळांच्या एका विशिष्ट प्रकारात, म्हणजे एकट्याने खेळावयाच्या अंतराळप्रवासाच्या खेळांत, गेल्या दहा-बारा वर्षांत असा एक प्रश्न उभा राहिला आहे की जो मुळात आपल्याच अंगणातला आहे. एका व्यक्तीने एकांतात अनुभवावी म्हणून निर्माण झालेली कृती पुढे अनेकांसाठी खुली केली, तिच्यात इतर माणसांचा वावर सुरू झाला, तर ती तीच कृती राहते काय? आणि असा बदल करण्याचा अधिकार निर्मात्याला कितपत असतो? पहिला प्रश्न सौंदर्यशास्त्राचा आणि दुसरा नीतिशास्त्राचा, असे वरवर पाहता म्हणता येईल. मला ते एकमेकांपासून सोडवता येत नाहीत.

वाचकाला या खेळांचा परिचय नसेल असे गृहीत धरून थोडी माहिती देणे आवश्यक आहे. १९८४ मध्ये डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांचा ‘एलिट’ हा खेळ प्रसिद्ध झाला. ज्या बीबीसी मायक्रो संगणकासाठी तो लिहिला गेला त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट होती. एवढ्याशा जागेत त्यांनी आठ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ तारे बसवले. हे विश्व कोठे साठवून ठेवलेले नव्हते. एका गणिती सूत्रातून ते प्रत्येक वेळी नव्याने उगवत असे, आणि सूत्र तेच असल्यामुळे दर वेळी तसेच उगवत असे. खेळणाऱ्याकडे एक यान आणि थोडे पैसे. व्यापार करावा, चाचेगिरी करावी, नाहीतर नुसते भटकावे. कथानक जवळजवळ नाही. आहे ती काळी पोकळी, आणि तिच्यातून एकट्याने जाणे.

या पोकळीत खेळणाऱ्याला जे मिळत होते त्याला मराठीत नेमका शब्द आहे: एकांत. तो एकटेपणा नव्हे आणि एकाकीपणाही नव्हे. आपल्या क्रियापदांनी हा भेद चांगला सांभाळला आहे. एकटेपणा येतो आणि घालवावा लागतो, एकाकीपणा जाणवतो आणि सोसावा लागतो; एकांत मात्र मिळतो, साधतो, आणि मोडतो. जी गोष्ट मोडू शकते तिला काही घडण असली पाहिजे. तिची भरपाई कोणाकडे मागता येईल काय, हा पुढचा मुद्दा.

तो मुद्दा उपस्थित झाला २०१४ साली. ब्रेबन यांच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने नोव्हेंबर २०१२ मध्ये लोकवर्गणी काढून ‘एलिट: डेंजरस’ या नव्या खेळाचा संकल्प सोडला. इंटरनेटच्या जोडणीशिवाय, अगदी एकट्याने खेळता येईल अशी सोय त्यात असेल, असे आश्वासन वर्गणीच्या काळातच देण्यात आले होते. खेळ डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या महिनाभर आधी ही सोय रद्द केल्याचे जाहीर झाले. विश्व सतत घडत राहणारे आहे, ते मध्यवर्ती सर्व्हरवर चालते, त्यापासून तोडलेली आवृत्ती निर्जीव ठरेल, अशी निर्मात्यांची भूमिका होती. बराच क्षोभ झाला, काहींना पैसे परतही मिळाले. उरली ती ‘सोलो’ नावाची तडजोड. तीत दुसरे कोणी दिसत नाही, कोणी अंगावर येत नाही. पण बाजारातले भाव आणि तारकामंडळांवरच्या सत्ता हजारो अदृश्य खेळाडूंच्या कृतींनी बदलत राहतात, आणि जोडणी नसेल तर यान जागचे हलत नाही. आमच्याकडचा आंबा बागायतदार कलमाखाली एकटाच बसलेला असला तरी त्याच्या पेटीचा भाव वाशीच्या बाजारात इतरांच्या पेट्यांवर ठरतो. त्याला कोणी एकांतवासी म्हणत नाही. असे असले तरी ‘सोलो’ खेळणाऱ्यांपैकी पुष्कळांचे समाधान झाले, ही वस्तुस्थिती विचारात घेतली पाहिजे. विश्वात इतरांचा हात असणे त्यांना खुपले नाही. इतरांचा डोळा नसणे त्यांना पुरले.

याच्या उलट दिशेने गेलेले उदाहरण अधिक बोलके आहे आणि प्रस्तुत लेखाचा भर त्याच्यावरच आहे. गिल्डफर्ड येथील हॅलो गेम्स या छोट्या कंपनीचा ‘नो मॅन्स स्काय’ ऑगस्ट २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ग्रहांची संख्या दोनाचा चौसष्टावा घात, म्हणजे वीस अंकी. येथेही तेच तंत्र: ग्रह साठवलेले नाहीत, सूत्रातून उगवतात. प्रसिद्धीपूर्वी प्रमुख निर्माते शॉन मरी यांनी मुलाखतींतून असे सुचवले होते की दोन खेळाडू एकमेकांना भेटू शकतील, मात्र विश्वाच्या प्रचंडपणामुळे तसे घडण्याचा संभव अत्यल्प आहे. झाले असे की पहिल्याच दिवशी दोन खेळाडूंनी ठरवून एकच ग्रह, एकच जागा गाठली. दोघेही तेथे उभे होते. दोघांनाही दुसरा दिसला नाही. मग फसवणुकीचा आरोप झाला. ब्रिटनमधील जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे खेळाच्या एकूण जाहिरातीविषयी तक्रारी गेल्या, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये त्या संस्थेने जाहिरात दिशाभूल करणारी नसल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे एका खेळात एकांताचे वचन मोडले, दुसऱ्यात सोबतीचे.

पुढे काय घडले ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. मूळ खेळात सामायिक असे एकच तत्त्व होते, ते नावांचे. जो ग्रहावर, वनस्पतीपाशी, प्राण्यापाशी प्रथम पोहोचेल त्याने नाव द्यावे. ते सर्व्हरवर नोंदले जाई आणि नंतर येणाऱ्याला शोधकाच्या नावासह दिसे. मार्च २०१७ च्या आवृत्तीत इतरांनी बांधलेली घरे दिसू लागली. घरे दिसत, घरात कोणी नसे. ऑगस्ट २०१७ मध्ये सोळा खेळाडूंपर्यंत एकत्र वावरण्याची सोय झाली, पण दुसरा खेळाडू दिसे तो तरंगत्या प्रकाशगोलासारखा. त्याच्याशी बोलता येई, त्याला हात लावता येत नसे. जुलै २०१८ मध्ये गोलांना देह मिळाले. आता एकत्र बांधता येऊ लागले, लढताही येऊ लागले. २०१९ मध्ये सर्वांनी जमावे असा एक अड्डाच अंतराळात उघडला गेला. आधी नाव, मग घर, मग ज्योत, मग देह. तंत्रज्ञानाच्या सोयीने घडलेला हा क्रम आहे हे मला ठाऊक आहे, तरीही एखाद्या भूतकथेचा क्रमही याहून वेगळा नसतो, असे म्हणण्याचा मोह होतो.

या क्रमात एकांत नेमका कोठे मोडला? बहुतेकांचे उत्तर ‘देह आला तेव्हा’ असे असेल. आमच्या विभागातील एका विद्यार्थ्याकडून जे ऐकले त्यावरून उत्तर थोडे वेगळे निघते. हा मुलगा राजापूर तालुक्यातल्या एका वाडीतला. घरी नेटची रेंज नाही, त्यामुळे सुट्टीत तो हा खेळ जोडणीवाचून खेळत असे. एका निर्मनुष्य ग्रहावर त्याने घर बांधले होते. अर्धवट भिंती, कोठेही टाकलेले सामान. रत्नागिरीत खोली घेऊन राहायला लागल्यावर जोडणी मिळाली. पहिल्या संध्याकाळी त्याने काय केले, तर घर आवरले. ‘कोणी आले होते का?’ असे मी विचारले. ‘नाही मॅडम, पण आले तर?’ असे तो म्हणाला. कोणी येण्याचा संभव वीस अंकी संख्येत एक असा असताना!

ज्याँ-पॉल सार्त्र यांनी १९४३ च्या आपल्या ग्रंथात ज्या गोष्टीचे विवेचन केले ती हीच. सार्वजनिक बागेत मी एकटा बसलेला असताना हिरवळ, बाकडे, झाडे यांची मांडणी माझ्याभोवती झालेली असते. दूरवर एक माणूस प्रकट होतो. त्याने माझ्याकडे पाहिलेलेही नसते. तरी त्या क्षणापासून हिरवळीचे अंतर त्याच्यापासूनही मोजले जाऊ लागते आणि माझे जग एखाद्या छिद्रातून गळून गेल्यासारखे त्याच्या दिशेने वाहू लागते. सार्त्र यांच्या मते पाहणारा प्रत्यक्ष असण्याची अटही नाही. पाहिले जाण्याची शक्यता पुरेशी असते. माझ्या विद्यार्थ्याने आवरलेले घर हे या शक्यतेचे घर होते. यावरून एकांताची व्याख्या सुधारून घ्यावी लागते. इतरांचा अभाव म्हणजे एकांत नव्हे. मी आज पाहिला जाणार नाही याची खात्री म्हणजे एकांत. ही खात्री मोडायला देहाची गरज नसते, आणि उलट ती शाबूत असेल तर सभोवती हजार माणसांच्या खुणा असल्या तरी एकांताला बाध येत नाही.

येथे भारतीय साहित्यशास्त्राचा अभ्यासक एक आक्षेप घेईल, आणि तो वजनदार आहे. कलानुभव सामूहिक झाल्याने क्षीण होतो हे गृहीतच चुकीचे आहे, असे तो म्हणेल. नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’त अभिनवगुप्ताने सात रसविघ्ने सांगितली आहेत. प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून राहणे हे त्यांपैकी एक. शेजारी दुसरा प्रेक्षक असणे हे मात्र विघ्नांत मोडत नाही. किंबहुना सर्व सामाजिकांची प्रतीती एकरूप, एकघन झाली म्हणजे रसाचा परिपोषच होतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. वारीतल्या दिंडीचा, किंवा आमच्या भागातल्या नमन-खेळ्यांच्या रात्रीचा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला हे पटवून द्यावे लागत नाही. मग अंतराळखेळात दुसरा आला म्हणून बिघडले काय?

माझ्या मते या आक्षेपाचे उत्तर ‘किती जण’ यात नसून ‘कोण कोठे उभा आहे’ यात आहे. नाट्यगृहात शेजारी बसलेला आणि मी, आम्हा दोघांची तोंडे एकाच दिशेला असतात. तो माझ्याकडे पाहत नाही. मी पाहतो तेच पाहतो. त्याचे हसू कानावर येते तेव्हा माझे हसू मोठे होते. हाच गृहस्थ उठून रंगमंचावर गेला, राजाच्या शेजारी उभा राहिला आणि तेथून माझ्याकडे पाहून हात हलवू लागला, तर अभिनवगुप्तालाही आठवे विघ्न मोजावे लागले असते. देह मिळालेला सहखेळाडू हा रंगमंचावर गेलेला शेजारी आहे. तो कलाकृतीच्या विश्वाच्या आत आहे आणि त्याची नजर बाहेरच्या मला, माझ्या लौकिक मला, शोधते. मग मला माझ्या यानाचा रंग दिसू लागतो, माझे अडाणीपण दिसू लागते. स्वतःच्या सुखदुःखात गुंतण्याचे ते जुनेच विघ्न नव्या वाटेने परत येते. खेळणे संपते असे नव्हे. पण आधी मी त्या विश्वाचा साक्षी होतो, आता रहिवासी झालो. आणि रहिवाशाला शेजारधर्म आला, लाज आली, भांडण आले. यातून दुसरा, कदाचित समृद्ध, अनुभव निर्माण होतो. तो दुसरा असतो एवढेच माझे म्हणणे आहे.

मागे उभा असलेला दुसरा, म्हणजे आधी येऊन गेलेला, याची गोष्ट निराळी. ‘नो मॅन्स स्काय’च्या मूळ आवृत्तीतील नावांचे तत्त्व मला त्यातील सर्वात साहित्यिक तत्त्व वाटते. ओसाड ग्रहावर उतरावे आणि त्याला कोणी तरी आपल्या आजीचे नाव दिलेले असावे, यात जे घडते ते वाचनात रोज घडते. लेखक येऊन गेलेला असतो. तो आता पाहत नाही. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर जी कातळशिल्पे आहेत त्यांच्यापुढे उभे राहिले की हे विशेष जाणवते. सुधीर रिसबूड, मनोज मराठे यांच्यासारख्या अभ्यासकांनी गेल्या दशकभरात अशी कितीतरी ठिकाणे शोधून नोंदवली. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे अशा काहींचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीची हत्तीची आकृती आहे आणि तिच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. ती एकाने कोरली की अनेकांनी, एका पिढीने की अनेक पिढ्यांनी, हे दगडावरून उमगत नाही, नाममुद्रा नाही. पायाखाली इतके परके हात असताना सड्यावरचा वारा अधिकच निर्जन वाटतो. सामायिकता आणि एकांत येथे एकमेकांना पोसतात. (याच सड्यांवर सुट्टीच्या दिवशी मोबाइल उंच धरून येणारे जथे पाहिले म्हणजे मागच्या परिच्छेदातील मुद्दाही पटतो. पण ते असो. लोक येऊ लागले नसते तर काही शिल्पे चिरेखाणींत गेली असती, हेही तितकेच खरे.)

आता निर्मात्याच्या अधिकाराकडे वळू. खेळ त्याचा, त्याने त्यात भर घालावी, फुकट घालावी (हॅलो गेम्सने या सर्व आवृत्त्या विनामूल्य दिल्या आहेत), तर तक्रार कसली? आपल्या परंपरेत या प्रश्नाचे एक रूप फार पूर्वी येऊन गेले आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची. पुढच्या तीनशे वर्षांत तिच्या प्रती करणाऱ्या, ती सांगणाऱ्या अनेकांनी तिच्यात आपापली भर घातली. ती द्वेषाने घातली नव्हती. ग्रंथ जिवंत होता म्हणूनच घातली होती. १५८४ मध्ये एकनाथांनी पाठ शुद्ध केला आणि बजावले की यापुढे तीत जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असे समजावे. एकनाथ स्वतः मोठे कवी होते. त्यांची ओवी करवंटी ठरली नसती. तरीही त्यांनी स्वतःला त्या ताटापासून दूर ठेवले, यात मला त्यांच्या निर्णयाचा नैतिक अर्थ दिसतो. भर चांगली की वाईट हा प्रश्नच त्यांनी उपस्थित केला नाही. ताट कोणासाठी वाढलेले आहे, एवढेच पाहिले.

खेळाच्या बाबतीत अडचण अशी की प्रक्षेप करणारा परका प्रतकार नसून मूळ ग्रंथकारच आहे. लेखकाने आपल्या कादंबरीची दुसरी आवृत्ती बदलून काढली तर आपण त्याला अडवत नाही. पण त्या लेखकाने माझ्या कपाटातली पहिली आवृत्ती रात्रीतून येऊन बदलली तर? जुलै २०१८ च्या आवृत्तीबरोबर अनेक ग्रहांचे भूरूप बदलले. ज्यांनी तेथे घरे केली होती त्यांना आपला ग्रह ओळखू येईना. सूत्र बदलले की विश्व बदलते, आणि जुने विश्व कोठेही साठवलेले नसते. २०१६ चा मूळ खेळ आज पाहायचा तर ज्याने प्लेस्टेशनची चकती जपून ठेवली आहे आणि तिला इंटरनेटपासून दूर ठेवले आहे त्याच्याच घरी जावे लागेल. मर्ढेकरांपासून पाटणकरांपर्यंत आपण कलाकृतीच्या स्वायत्ततेची जी चर्चा केली तिच्यात कलाकृती एकदा घडून स्थिर झालेली असते हे सर्वांनाच मान्य होते, अगदी स्वायत्ततेच्या विरोधकांनाही. येथे ते गृहीतच उरलेले नाही.

निर्मात्यांच्या बाजूने एक उत्तर नेहमी दिले जाते, की सेटिंगमध्ये एक बटण आहे. नको असेल त्याने इतरांचा वावर बंद करावा. हे उत्तर प्रामाणिक आहे, पण पूर्ण नाही. बंद दाराआडचा एकांत आणि दारच नसलेल्या जागेतला एकांत यांत फरक आहे. पहिल्यात दाराचे भान सुटत नाही. शिवाय हे बटण मुळात चालू असते, बंद करावे लागते; म्हणजे लोकांत हा नियम आणि एकांत हा अर्ज करून मिळवायचा अपवाद. तो मिळतो हे चांगलेच. ‘एलिट’च्या वर्गणीदारांना तेवढेही मिळाले नाही.

मी निर्मात्याला भर घालण्यापासून रोखू इच्छित नाही. पहिल्या दिवशी एकाच जागी उभ्या असलेल्या त्या दोघांना एकमेकांना पाहायचे होते, आणि त्यांची इच्छा माझ्या विद्यार्थ्याच्या न आवरलेल्या घरापेक्षा कमी प्रतीची होती असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. मागणी आहे ती प्रकाशकाकडे करावी तशी: नवी आवृत्ती काढताना जुनी उपलब्ध ठेवावी. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून ज्ञानेश्वरीची एक प्रत छापली. तिच्या प्राचीनतेविषयी वाद झाला, पण वाद होऊ शकला तो दोन पाठ शेजारीशेजारी ठेवता आले म्हणून. खेळांच्या बाबतीत हे करणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही; कित्येक खेळांच्या जुन्या आवृत्त्या त्यांचे निर्मातेच उपलब्ध ठेवतात. खर्च आणि कंटाळा, एवढ्याच अडचणी आहेत.

नावांचे मात्र वेगळे संकट आहे आणि त्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. ग्रह सूत्रात आहेत, नावे सर्व्हरवर. कंपनी आज उत्साहात आहे, नव्या आवृत्त्या काढते आहे. पुढे केव्हातरी सर्व्हर बंद होईल, जसे सर्वच होतात. त्यानंतरही एखाद्याच्या यंत्रावर ते सर्व ग्रह पुन्हा जसेच्या तसे उगवतील, आजीच्या नावाचा ग्रहदेखील उगवेल, फक्त त्याला यंत्राने दिलेले नाव असेल.